अकरावी सळी

१

साखळी टाकायची नसते, ठेवायची असते. नबीसाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. आज आठ वर्षं झाली, माझ्या हातातून साखळी कधी पडलेली नाही.

मोजणीची साखळी सहासष्ट फूट लांब असते. शंभर कड्या आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. मूठ दगडावर आपटली की शेजारची कडी वाकते, आणि एक वाकलेली कडी मैलाला किती फरक पाडते ते नबीसाब बोटांवर करून दाखवायचे. म्हणून आधी उकिडवं बसायचं, आणि झोपलेल्या लेकराचं डोकं उशीवर टेकवावं तशी मूठ जमिनीवर टेकवायची.

गुलाम नबी हे नकाशाच्या कामावरचे सर्वेअर, हिंगोलीचे राहणारे. दाढी पांढरी, आवाज मऊ, आणि रागावले की जास्तच मऊ. १९३८ सालच्या हिवाळ्यात औंढ्याच्या वरच्या अंगाचा डोंगर नकाशावर घ्यायचं काम त्यांच्याकडं आलं. जुन्या नकाशात तिथं डोंगराच्या चार रेघा होत्या आणि मध्ये कोरा कागद. ती कोरी जागा आम्हाला भरायची होती.

मी रामकिशन, पुसेगावचा. चौथीनंतर शाळा सोडली. पुढचं सगळं उर्दूतून होतं हे खरं, पण मी सोडली ती त्यामुळं नाही. मला उत्तरं यायची. उभं राहून मोठ्यानं सांगता यायची नाहीत. मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं की पोरगं मुकं आहे, ढोरांमागं लावा.

नबीसाब गावात मुक्कामाला होते तेव्हा मी त्यांचं पाणी भरत होतो. अंगणात साखळी पसरून ते कड्या तपासत होते. एका जागी कडी कमी होती. मी त्या जागेवर बोट ठेवलं, बोललो काहीच नाही. त्यांनी पुन्हा मोजलं, माझ्याकडं पाहिलं, आणि संध्याकाळी बापाला म्हणाले, "मुका न्हाई तुमचा पोरगा. बराबर मोजतो. मला तेवढंच पाहिजे."

त्या एका वाक्यावर मी कामाला लागलो. मोजणं चुकलं असतं तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

२

साखळी दोघं धरतात. पुढच्याजवळ दहा लोखंडी सळ्या असतात, हातभर लांब, डोक्याला कडं, कड्यात लाल चिंधी. तो साखळी ताणतो, टोकाशी एक सळी रोवतो आणि पुढं निघतो. मागचा त्या सळीपाशी येऊन आपली मूठ लावतो. पुढच्यानं नवी सळी रोवली की मागचा ही उपटून घेतो. पुढच्याच्या हातातल्या सळ्या कमी होत जातात, मागच्याच्या वाढत जातात. मागच्याजवळ दहा झाल्या की दहा साखळ्या झाल्या. यात चुकायला जागा नाही.

आमच्यात पुढं भावसिंग असायचा. डोंगरावरच्या तांड्यातला, तिशीचा, फार बोलका. नियम असा होता की सळी रोवली की पुढच्यानं आकडा ओरडायचा आणि मागच्यानं तोच परत ओरडायचा. माझा आवाज साखळीभर जायचा नाही. भावसिंग म्हणायचा, तुझ्यापरीस साखळी जास्त बोलते. त्यावरूनच त्याला युक्ती सुचली. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे चाल.

नबीसाबांना आम्ही हे सांगितलं नाही. पंधरा दिवसांत इतकं जमलं की दिवसभर आम्ही एक शब्द न बोलता मोजायचो. भावसिंगचा हात मला साखळीतून ओळखू यायचा. हिसका देताना तो मनगट जरा वळवायचा, त्यामुळं कड्या एका अंगावर होऊन किणकिणायच्या. मला त्या किणकिणण्याचा आधार वाटायचा. शाळेत कोणी माझ्याशी असं बोललं असतं तर मी कदाचित टिकलो असतो.

३

तांड्यापासून कोसभरावर, डोंगराच्या माथ्यावर एक लांब माळ आहे. तिथून चहूकडच्या टेकड्या दिसतात. नबीसाबांनी ठरवलं की या माळावर एक सरळ रेघ मोजायची आणि तिच्या आधारानं सगळा कागद भरायचा. रेघ चुकली तर कागद चुकला. वरचे साहेब आठ दिवसांनी तपासायला येणार होते.

माळाच्या दोन टोकांना उंच बांबूवर निशाणं बांधली. मावळतीच्या निशाणापाशी नबीसाब नकाशाचा तक्ता मांडून बसले. मधला सगळा माळ रोशा गवताचा. वाळून पिवळं पडलेलं, माणसापेक्षा हातभर उंच, आणि त्याला असा उग्र गोड वास की दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं. आत शिरलं की वर आभाळाची पट्टी आणि लांब निशाणाचं टोक, एवढंच. भावसिंग दहा पावलं गेला की दिसेनासा व्हायचा. उरायची ती गवतात शिरलेली साखळी.

रेघेपुरतं गवत कापायला हवं होतं, पण तांड्यातून माणसं मिळाली नाहीत. पारुबाई म्हणून भावसिंगची काकी आम्हाला भाकरी घेऊन यायची. तिला नबीसाबांनी कारण विचारलं, तर ती म्हणाली, "तिथं आमची गुरं चरत जातात अन् मधीच थांबतात. मंग आपसूक वळतात. काहून ते आमी इचारलं न्हाई."

"मंग आता इचार की, काकी," भावसिंग म्हणाला. "तुझी बोरी गाय शाणी हाय."

तिनं त्याच्या पाठीत चापट मारली. सगळे हसले, मीही हसलो. मग ती टोपली डोक्यावर घेऊन उतरली. आली होती त्या वाटेनं न जाता माळाला मोठा वळसा घालून गेली.

४

पहिल्या दिवशी आम्ही मावळतीकडून सुरुवात केली. ऊन चढलं होतं, वारा नव्हता. पहिल्या दहा साखळ्या बरोबर आल्या, दुसऱ्या दहाही. प्रत्येक दहाला आम्ही दोघं एकत्र यायचो, मी सळ्या मोजून भावसिंगच्या हातात द्यायचो आणि तो पुढं निघायचा.

तिसऱ्या दहाला भावसिंग एका उघड्या खडकावर बसून माझी वाट पाहत होता. मी गवतातून बाहेर आलो, सळ्या खडकावर मांडल्या आणि मोजल्या. अकरा होत्या.

मी पुन्हा मोजल्या. भावसिंगनं मोजल्या. अकराच.

त्याला आधी गंमत वाटली. मग तो म्हणाला की मी दहा घेऊन निघालो, दहा रोवल्या, तुझ्या देखत तर मोजल्या होत्या. ते खरं होतं. एखादी सळी आधीपासून तिथं पडलेली असेल आणि मी उचलली असेल, असं तो म्हणाला. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा होती.

पण मी एकही सळी पडलेली उचलली नव्हती. प्रत्येक सळी रोवलेली होती. प्रत्येक सळीपाशी मी मूठ लावली होती, साखळी ताणली गेली होती, थांबचा हिसका आला होता, मी सळी उपटून चालचे दोन हिसके दिले होते. अकरा वेळा. भावसिंग दहा साखळ्या चालला होता आणि मी अकरा, आणि आम्ही दोघं एकाच खडकावर उभे होतो.

५

रेघ संपवली. भावसिंगच्या हिशेबानं चाळीस साखळ्या, माझ्या हिशेबानं एक्केचाळीस. नबीसाबांसमोर मी सळ्यांची जुडी पुढं केली. मला वाटलं, उद्या पुसेगाव.

त्यांनी अकराही सळ्या तक्त्यावर ओळीनं ठेवल्या. त्यातली एक लगेच वेगळी दिसली. लांबी तीच, कडं तेच, पण कडं आतून झिजून दोऱ्याइतकं झालं होतं. हातानं झिजतं तसं. चिंधी मात्र लाल होती. आमच्यापेक्षा लाल. नबीसाब त्या चिंधीची गाठ बराच वेळ पाहत बसले. आमच्या सळ्यांना ते स्वतः दोन वेढ्यांची गाठ मारत. ही गाठ तशीच होती.

मग त्यांनी भावसिंगला चहाचं बघायला पाठवलं आणि मला खाली बसायला सांगितलं. "बेटा, मोजणं ऱ्हाऊ दे. हाताला काय लागलं ते सांग."

आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी हिसक्यांची सगळी गोष्ट कबूल केली. आणि हेही सांगितलं की त्या दहात एकदा थांबचा हिसका सरळ आला होता. कड्या किणकिणल्या नव्हत्या. तेव्हा मला वाटलं, भावसिंगचा हात दुखत असेल.

नबीसाब रागावले नाहीत. त्यांनी ती सळी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली. उद्या उगवतीकडून उलटं मोजू, म्हणाले. तू पुढं, भावसिंग मागं. मी निघालो तेव्हा त्यांनी पाठीमागून एवढंच म्हटलं, "तू बराबर मोजलंस. मला शक न्हाई."

मी त्या रात्री शांत झोपलो. चुकलो असतो तर बरं झालं असतं, हे मला सकाळी उठल्यावर सुचलं.

६

दुसऱ्या दिवशी साखळी ताणून तपासण्यात दुपार झाली. मग दहा सळ्या घेऊन मी पुढं निघालो. सूर्य समोर आला होता. निशाणाकडं पाहिलं की डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचायचे, म्हणून मी साखळीवर विसंबलो. ती मागं सरळ ताणलेली असली की मी सरळ होतो.

पहिल्या दहा बरोबर आल्या. दुसऱ्या दहातल्या सहा सळ्या रोवून झाल्या. दोन हिसके आले. मी चाललो. सातवी रोवली, एक हिसका दिला. दोन हिसके आले. कड्या किणकिणल्या नाहीत. मी मनाला समजावलं की आज भावसिंग मागं आहे, मागच्याला उकिडवं बसून ओढावं लागतं, मनगट वळत नसेल. पहिल्या सहा वेळा वळलं होतं, हे मला आठवत होतं. तरी मी चाललो. आठवी रोवली. दोन हिसके.

गवतात लावे असतात, पायाखालून फुर्रकन उडतात. बऱ्याच वेळात एकही उडाला नव्हता. रोशाचा वास कमी झाला होता आणि कुठूनतरी ओल्या दगडासारखा गार वास येत होता. मी पाऊल उचललं आणि एक हिसका आला.

साखळी अजून ढिली होती. चार-पाच पावलांचा झोळ मला मागं जमिनीवर दिसत होता. ढिल्या साखळीतून हिसका येत नाही, कोणालाही विचारा. तो आला. माझा हात खांद्यापर्यंत मागं ओढला गेला.

मी सवयीनं थांबलो. विचार करून थांबलो असं म्हणणं खोटं होईल. उचललेला पाय मागं ठेवला आणि समोरचं गवत हातानं बाजूला केलं.

समोरच्या गवताचे शेंडे माझ्या छातीइतके होते, पण त्याला बुंधे नव्हते. म्हणजे होते, खूप खाली होते. माळ तिथं उभा चिरला होता. घळ इतकी अरुंद होती की दोन्ही काठांचं गवत वर एकमेकांत मिसळलं होतं. मी एक दगड सोडला. चार मोजेपर्यंत आवाज आला नाही.

७

मी पाठ वळवली आणि साखळी धरून परत निघालो. हातावर हात, एकेक कडी. कड्या मोजत होतो, कारण मोजताना मला भीती कमी वाटते.

साठाव्या कडीपर्यंत साखळी जमिनीवर होती. पुढं ती हळूहळू वर चढत गेली. गुडघ्याइतकी, मग मांडीइतकी. भावसिंग उभा आहे, मी मनात म्हटलं. उभ्या माणसाच्या हातात ती एवढ्याच उंचीवर असते.

नव्वदाव्या कडीपाशी मला मूठ दिसली. कमरेच्या उंचीवर होती, पितळ उन्हात चमकत होतं. मुठीच्या पलीकडं गवत दाट होतं आणि मुठीभोवती गवताची चार-पाच पाती अशी आडवी आली होती की तिच्यावर काय आहे ते दिसेना. मी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

मग मुठीच्या वरच्या अंगाचे शेंडे हलले. कोणी उकिडवं बसावं तसे ते एका जागी खाली गेले. मूठही त्याबरोबर खाली गेली. पडली नाही. सावकाश, सरळ, न आपटता जमिनीवर टेकली. एकही कडी वाजली नाही.

शेंडे पुन्हा वर आले नाहीत. शेवटी मी दहा कड्या पुढं गेलो. तिथं कोणी नव्हतं. मुठीशेजारी माझी सातवी आणि आठवी सळी ठेवलेली होती, शेजारी शेजारी, डोकी एका दिशेला. मागच्यानं ठेवाव्यात तशा.

८

भावसिंग सापडला तो सहाव्या सळीपाशी, पाय धरून बसलेला. टाचेत काटा मोडला होता. काटा काढायला त्यानं मूठ खाली ठेवली होती, थांबचा हिसका देऊन. मान वर केली तर साखळी नव्हती. ओरडून त्याचा घसा बसला होता. मी काहीच ऐकलं नव्हतं, त्याचा तो हिसकाही मला लागला नव्हता.

मी त्याला घळीचं सांगितलं, हिसक्याचं सांगितलं. कुणीतरी मला वाचवलं, असं म्हणालो. त्यानं काट्याचं रक्त पुसलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "थांब म्हणलं ते खरं. पर तिकडं चाल कोन म्हणलं तुला?"

मी त्याला खांदा दिला आणि नबीसाबांकडं नेलं.

नबीसाब स्वतः घळीपर्यंत आले. काठावर पोटावर आडवे होऊन त्यांनी आत पाहिलं, आणि उठल्यावर टोपी काढून हातात घेतली. मग काठानं निशाणं लावून आधी घळ कागदावर घेतली. ती कालच्या रेघेच्या उत्तरेला निघाली; साखळीवर विसंबून मी रेघेबाहेर गेलो होतो. रेघ दक्षिणेला सरकवली. स्वतःजवळचे पैसे देऊन लांबच्या गावातून गवत कापायला माणसं आणली. ती रेघ आम्ही तीनदा मोजली, ओरडून आकडे देत. माझा आवाज चिरका यायचा आणि भावसिंग दर वेळी म्हणायचा, मास्तर, ऐकू आलं बरं. तिन्ही वेळा रेघ सारखी आली. वरचे साहेब आले, कागद पास झाला. नबीसाबांनी त्यांच्यासमोर मला पुढं केलं आणि हा माझा मोजणारा, असं सांगितलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी याच कामावर आहे.

माळ सोडायच्या दिवशी सकाळी मी नबीसाबांकडं अकरावी सळी मागितली. त्यांनी रुमाल सोडून ती माझ्या हातावर ठेवली. "अमानत हाय," म्हणाले. "ज्याची त्याला दे."

साखळी खांद्यावर घेऊन मी एकटा घळीकडं गेलो. काठापासून हातभर अलीकडं ती सळी रोवली. कोणी आलाच तर लाल चिंधी दिसावी म्हणून. मग गवतात साखळीभर माघारी जाऊन साखळी मोकळी केली आणि एक मूठ हातात ठेवून बाकीची गवतात पसरत काठापर्यंत परत आलो. दुसरं टोक कुठंतरी गवतात पडलेलं होतं. त्याला धरायला कोणी नव्हतं.

मला आभार मानायचे होते. ऐकायला कोणी नाही, हे कळत असूनही शब्द बाहेर पडेना. म्हणून मला येत होतं ते केलं. दोन हिसके दिले. काम झालं, आता जा, असं मला म्हणायचं होतं. साखळी सरपटली, हलली, निपचित झाली.

मग एक हिसका आला. सरळ, किणकिण न होता.

मी थांबलो. भीती होती, खोटं कशाला सांगू. घळ पाठीशी होती आणि साखळी समोर. पण मला दुसरंही वाटलं, आणि ते भीतीहून मोठं होतं. ज्या काळात माझा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता त्या काळात माझी बोली तीन जणांनी शिकून घेतली होती. एकानं थट्टा करत, एकानं प्रेमानं, आणि एकानं गवतात बसून, न सांगता. त्यातल्या कोणाचंही देणं मी नाकारू शकत नव्हतो. तू मला इथं आणलंस की इथं थांबवलंस, हे मी विचारलं नाही. मी तिथं जिवंत उभा होतो.

ऊन डाव्या खांद्यावरून डोक्यावर आलं. लांबून भावसिंगची हाक आली, मग दुसरी. तिसऱ्या हाकेला मी छातीतला सगळा वारा लावून ओरडलो, "ओ!" माळभर गेला तो आवाज. माझा आहे हे मलाच कळायला वेळ लागला.

मग मी उकिडवं बसलो आणि मूठ जमिनीवर ठेवली. सहासष्ट फुटांवर गवताचे शेंडे एका जागी हळूच खाली गेले.

ते वर यायच्या आत मी मान खाली घातली. साखळी गोळा करायला लागलो तेव्हा ती हलकी आली, शंभरच्या शंभर कड्या सरळ होत्या.